खिंडीतली उजवी बाजू

आमच्या वकीलसाहेबांना कोर्टासमोरचा रस्ता ओलांडायचा असला की पलीकडचा चहावाला हातातलं काम सोडून बघत बसायचा. रस्ता जेमतेम दोन गाड्यांचा. पण साहेब काठावर उभे राहणार, डावीकडे बघणार, उजवीकडे बघणार, येणाऱ्या म्हशीचा वेग आणि दिशा डोळ्यांनी मोजणार, तोंडाने एक लांबलचक 'भोंऽऽ' असा आवाज काढणार आणि मगच पहिलं पाऊल टाकणार. तेवढ्यात म्हशीने तोंड वळवलं तर मागे फिरणार आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी वैतागून म्हटलं, "साहेब, म्हैस आहे ती. तिला काय कळतंय?" तर म्हणाले, "ताई, टक्कर एकट्यानं होत नसते. दोघं लागतात. भिंतीले धडकला माणूस, तरी भिंतीची बाजू ऐकून घ्या लागते."

मी तिथेच टिनाच्या शेडमध्ये टायपिंग करते. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं, सातबाऱ्याच्या भानगडी, जे येईल ते. माझा कॉम्प्युटर, माझा प्रिंटर आणि माझी जीभ, तिन्ही गोष्टी तालुक्यात सगळ्यांना माहीत आहेत. साहेबांचं टेबल माझ्या टेबलाला लागून. मधून फक्त एक माणूस जाईल एवढी वाट, आणि त्या वाटेतून येणाऱ्या प्रत्येक पक्षकाराने आपल्या उजव्या हाताला राहून यायचं, असा साहेबांचा हुकूम. जमिनीच्या वादाने डोकं फिरलेला माणूस तावातावाने आत घुसला की साहेब त्याला परत बाहेर पाठवायचे आणि नीट उजवीकडून आत आणायचे. तेवढ्यात त्याचा अर्धा राग उतरलेला असे, हे मात्र मला मान्य करावं लागेल.

कारण साहेबांचा विषय होता जहाजांची टक्कर. यवतमाळ जिल्ह्यात. जिथून समुद्राकडे जायचं तर आधी जेवणाचा डबा बांधून घ्यावा लागतो, आणि तोही दोन वेळचा. अरुंद पाण्यात धुकं पडलं आणि दोन जहाजं एकमेकांवर आपटली, तर दोष कोणाचा आणि किती, हे साहेबांना तोंडपाठ होतं. अरुंद जागेत प्रत्येक जहाजाने आपापल्या उजव्या काठाला धरून चालायचं, जगात कुठेही गेलात तरी. धुक्यात वेग कमी करायचा. दिसत नसलं तरी बघत राहायचं. भोंगा द्यायचा. आणि एवढं करूनही आपटलात, तर "माझी काहीच चूक नाही" म्हणणाऱ्याची चूक आधी शोधायची.

साहेब मूळचे बोरी अरबच्या पलीकडच्या एका तांड्यावरचे. तरुणपणी नऊ वर्षं कुठेतरी गेले होते आणि परत आले ते वकील होऊन, डोक्यावर पांढरी टोपी घालून, जहाजांच्या गोष्टी बोलत. आता अशा माणसाबद्दल तालुक्याने काय समजायचं? नऊ वर्षं जहाजावर होते असंच सगळे समजले आणि त्यांना कप्तानसाहेब म्हणायला लागले. साहेबांनी तसं कधी सांगितलं नाही. नाही म्हणूनही कधी सांगितलं नाही. एकदा पानठेल्यावर कोणीतरी विचारलं, "कप्तानसाहेब, समुद्र कसा असते हो?" साहेब बराच वेळ कापसाच्या शेतांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "खारा." तेवढ्यावर पानठेल्यावरच्या सगळ्या मंडळींची खात्री पटली. मी तर माझ्या भाच्यांना सांगत असे की आमच्या साहेबांनी वादळं पाहिली आहेत.

त्यांना कोणी जास्तच छेडलं तर ते खानदानावर जायचे. "आमचे लोक लदेणीवाले. शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ लादून समुद्रापासून वऱ्हाडात आणायचे. तुमच्या वरणातला समुद्र माह्या पणज्यानं आणला, समजलं का?"

घरी वहिनींचे हाल होते. त्यांच्या स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत एक बोळ आहे, आणि त्या बोळीला साहेबांचे सगळे नियम लागू. एका सकाळी वहिनी वरणाचं पातेलं घेऊन निघाल्या आणि साहेब टॉवेल गुंडाळून समोरून. व्हायचं तेच झालं. वहिनी मला म्हणाल्या, "पोट भाजलं तं माणसानं पाणी मागावं ना. हे म्हणतात, वळणावर तू आवाज दिला नाही, तुहा दोष साठ टक्के. मी टॉवेल सांभाळून राह्यलो होतो, माहा चाळीस. मी म्हटलं, बरं हाये. उद्या साठ टक्के वरण मी सांडते, चाळीस टक्के तुमी रांधा." असं बोलून त्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मला त्या घराचं फार कौतुक वाटायचं.

कोर्टातही हेच. नेरच्या रस्त्यावर एका अरुंद पुलावर ऐन धुक्यात कापसाचे दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले. साहेब उभे राहिले आणि अर्धा तास जहाजांवर बोलले. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "वकीलसाहेब, इथे समुद्र कुठे आहे?" साहेब म्हणाले, "समुद्र नाही सर. पण धुकं तेच आहे." कोर्ट हसलं, न्यायाधीशही हसले, आणि शेवटी दोष मात्र दोघांत वाटून दिला. साहेब बाहेर आले ते बोटीतून उतरल्यासारखे, पाय फाकवून. त्या दिवशी त्यांनी आख्ख्या शेडला चहा पाजला.

तरी त्यांच्या मनात एक खंत होतीच. ट्रॅक्टर झाले, बैलगाड्या झाल्या, एकदा तर वरातीचा घोडा आणि एसटी झाली. पण पाण्यावरची टक्कर एकही नाही. आख्ख्या वकिलीत एकही नाही.

रविवारी मी माहेरी जायची आणि वाटेत धरण लागतं. साहेब माझ्या स्कूटीवर मागे बसून तिथपर्यंत येत. धरणात एक गाव गेलं, त्याला बुडीत गावच म्हणतात. गाव उठून वर आलं, पण कित्येकांची शेतं पाण्याच्या पलीकडे राहिली. म्हणून डोंगे, म्हणजे लहान होड्या, चालतात. दोन टेकड्यांच्या मधे एक खिंड आहे, तिथे पाणी इतकं अरुंद की दोन डोंगे कसेबसे एकमेकांना चुकवून जातात. दोन्ही बाजूंनी बुडालेल्या बाभळींचे शेंडे वर आलेले. साहेबांनी ती खिंड धरणाच्या भिंतीवरून लांबून पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले. "ताई, हे अरुंद पाणी," एवढंच म्हणाले.

मग दर रविवारी त्यांचा वर्ग सुरू झाला. काठावर उपरणं अंथरून त्यावर दगडांची जहाजं करायची आणि डोंगेवाल्यांना समजावायचं. उजवा काठ धरा. भोंगा द्या. धुक्यात हळू. डोंगेवाले भोई लोक, पिढ्यानपिढ्या पाण्यावरचे. ते बिडी ओढत माना डोलवायचे आणि साहेबांची पाठ वळली की आपापल्या कामाला लागायचे. कोणी म्हणालं, "साहेब, बसा ना डोंग्यात, एक चक्कर मारू," तर साहेब म्हणायचे, "नोको. कप्तान बसला की खलाशी आळशी होतात."

मन लावून ऐकायची ती एकटी वंदना. बुडीत गावातल्या बौद्ध घरातली, तिशीची, दंडात बळ असलेली. बाप गेल्यावर त्याचा डोंगा तिने चालवायला घेतला आणि मच्छीमार सोसायटीच्या मागे लागून लागून स्वतःच्या नावाचा पास मिळवला. पास म्हणजे धरणात डोंगा टाकायची परवानगी. पास गेला की पाणी बंद. त्या धरणावर पास मिळालेली ती पहिलीच बाई, आणि तो कधी जातो याची वाट बघणारे पुरुष काही कमी नव्हते. साहेबांनी तिला पीटीच्या मास्तरांकडे असते तशी शिट्टी आणून दिली होती. ती शिट्टी ती गळ्यात घालायची.

जानेवारीतल्या एका सकाळी मी शेड उघडत होते तर फोन आला. "ताई, साहेब हायेत का तिथं? माह्या डोंग्यानं गोमाजीबुवाचा डोंगा पालथा केला. खिंडीत. धुवारी होती, हातभर दिसत नोयतं." धुवारी म्हणजे आमच्याकडचं धुकं. मी फोन कानाला तसाच ठेवून साहेबांना सांगितलं.

साहेब उठले. खुर्ची मागे पडली. "टक्कर?"

"हो."

"धुक्यात?"

"हो."

"अरुंद जागी? पाण्यात?"

प्रत्येक 'हो'सरशी त्यांचा चेहरा असा उजळत गेला की मला राग आला. "आधी माणसं वाचली का ते तरी विचारा," मी म्हटलं. साहेब ओशाळले. "वाचली का?"

वाचली होती. गोमाजीबुवा पोहत काठाला लागले. त्यांच्या डोंग्यात एक बोकड होता, तो त्यांच्याही आधी लागला आणि वर जाऊन पाला खात उभा राहिला. दोन पोती वांगी होती, ती तेवढी पाण्यावर पसरली. वंदना सांगत होती की धुक्यातून नुसती वांगीच वांगी येत होती, कुठून येतात तेच कळत नव्हतं.

"म्हणजे कोणाला लागलं नाही," साहेब म्हणाले आणि हात जोडले. "शुद्ध टक्कर."

आता हसावं की रडावं. कारण सोसायटीचा नियम साधा होता: ज्याच्या चुकीने डोंगा पालथा होईल, त्याचा पास रद्द. रविवारी बैठक ठरली. गावात निकाल आधीच लागलेला होता. गोमाजीबुवा धरण झालं त्या वर्षापासूनचे डोंगेवाले, आणि वंदना परवाच्या दिवाळीपासूनची. बाईचा डोंगा, म्हणजे बाईचीच चूक.

साहेबांनी मला चौदा पानं टाईप करायला लावली. वहिनींनी पांढऱ्या टोपीला स्टार्च केलं. स्कूटीवर मागे बसून साहेब सगळ्या वाटेने मोठमोठ्याने युक्तिवाद म्हणत होते आणि मी मनाशी एवढंच म्हणत होते की पास वंदनाचा आहे.

सोसायटीच्या खोलीत जाळ्यांचा वास भरलेला. अध्यक्ष टेबलामागे, बाकी सगळे जमिनीवर. साहेबांनी आधी गोमाजीबुवांना उभं केलं. ते म्हणाले, "मी खिंडीतून येऊन राह्यलो होतो, हळूच. थाळी वाजवून राह्यलो होतो. शिट्टी ऐकू आली. म्हटलं, पोरगी येऊन राह्यली, येऊ दे. मी तं माह्या बाजूनं हाये."

"तुमची बाजू कोणती?"

"डावी."

साहेब थबकले. "डावी काहून?"

गोमाजीबुवांनी त्यांच्याकडे लहान पोराकडे बघावं तसं बघितलं. "खाली गाडीरस्ता हाये ना साहेब. जुन्या गावचा. खिंडीतूनच जाये. माह्या बापाची बैलगाडी डावीकून जाये, माही बी डावीकूनच जाये. वरून पाणी आलं म्हणून काय रस्ता बदलला?"

खोलीतल्या सगळ्या माना हलल्या. सगळेच तसे जात होते. पंचवीस-तीस हात पाण्याखाली पडलेल्या बैलगाडीच्या रस्त्याची डावी बाजू धरून सगळे डोंगे चालत होते. वेशीतल्या मरीमायच्या दगडावर आलं की हातही जोडत होते. मला एकदम हसू फुटलं आणि मी तोंडावर पदर घेतला.

"आन् तू, वंदना?"

"उजवीकून, साहेब."

"तिनं शिट्टी दिली, हळू चालली, उजवी बाजू धरली," साहेब अभिमानाने म्हणाले. "सगळे नियम पाळले."

"गोमाजीनंबी पाळले," अध्यक्ष म्हणाले. "सगळे डावीकून जातात, ही एकटीच उजवीकून गेली. म्हणून तं धडकली. झालं मंग."

साहेब घाईघाईने पुढे आले. "एक मिनिट. डावीकून जायचं असं तिले कोणी सांगतलं होतं?"

"सांगायचं काय त्यात? सगळ्यायले माहीत हाये."

"म्हणजे कोणी सांगतलं नाही. मंग आता हिलेच विचारू." साहेब वंदनाकडे वळले, छाती काढून. "सांग वंदना. उजवीकून जा, असं तुले कोणी सांगतलं होतं?"

मी साधी टायपिस्ट, पण ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न वकिलाने विचारू नये, एवढं मलाही कळतं. साहेबांना वाटलं होतं ती म्हणेल, नियमच आहे तसा, सूर्य उगवतो तसा. ती खाली बघत राहिली.

"सांग ना," साहेब म्हणाले.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, नाव सांगत असशीन तं सांग. नाही तं पास ठेव इथं." वंदनाने कमरेची पिशवी उघडली, प्लॅस्टिकमध्ये घातलेला पास काढला आणि टेबलावर ठेवला. मग पदराने हात पुसून जागेवर जाऊन बसली. साहेबांकडे एकदाही बघितलं नाही.

तेव्हा साहेबांना कळलं. मी त्यांचा चेहरा बघत होते, म्हणून सांगते. आधी ओठ हलले, मग टोपी निघाली.

"अध्यक्षसाहेब, अजून एक साक्षीदार हाये," ते म्हणाले. आणि वकिलाच्या जागेवरून दोन पावलं चालत जाऊन गोमाजीबुवा उभे होते तिथे उभे राहिले. मग परत पहिल्या जागी आले आणि त्या रिकाम्या जागेकडे बोट करून विचारलं, "वंदनाले उजवी बाजू कोणी शिकवली?" पुन्हा पलीकडे गेले. "मी." परत अलीकडे. "खिंडीत सगळे डावीकून जातात, हे तुमाले माहीत होतं?" पलीकडे. "नाही. मी कधी खिंडीत गेलोच नाही." खोलीत कोणीतरी खुसकन हसलं, पण साहेब थांबले नाहीत. त्यांची रबरी चप्पल फटफट वाजत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे. "डोंग्यात कधी बसले?" "नाही." "पोहता येते?" "नाही." "जहाजावर किती वर्षं होते?"

या वेळी पलीकडे जायला त्यांना वेळ लागला.

"एक दिवस बी नाही," ते म्हणाले. "नऊ वर्षं नागपूरले होतो. एका विमा कंपनीच्या गोडाऊनात, फाइली सांभाळाले. जहाजांच्या टकरीच्या जुन्या फाइली तिथं येऊन पडत. दिवसभर दुसरं काम नोयतं, त्या वाचत बसो. संध्याकाळी कॉलेज. समुद्र मी पाह्यला नाही. माह्या खानदानात समुद्र पाह्यलेला शेवटचा माणूस माहा पणजा."

मी गार पडले. इतकी वर्षं त्या माणसाशेजारी बसले, आणि मलाही माहीत नव्हतं. चाळीस वर्षांची अब्रू त्यांनी त्या जाळ्यांच्या वासात उघड्यावर ठेवली, एका बाईच्या पासापायी. माझे डोळे भरून आले.

"दोष माहा," साहेब म्हणाले. "शंभर टक्के. तिचा पास तिले द्या."

मग गोमाजीबुवांनी वंदनाला विचारलं, "काहून वो पोरी, आमाले काहून नाही विचारलं तू? कोण्या बाजूनं जायचं ते?"

"विचारलं होतं," वंदना म्हणाली. "तुमी सगळे हसले होते. साहेब एकटे शिकवत होते."

गोमाजीबुवांनी खोकून घसा साफ केला. उठले, टेबलावरचा पास उचलला आणि तिच्या हातात दिला. "शंभर टक्के नाही, साहेब," ते म्हणाले. "आमचे बी हायेत त्यात काही. पण शिक्षा तुमालेच." आणि मग त्यांना हसू आलं. "नागपूरच्या गोडाऊनातून जहाज चालवून राह्यले होते बावा हे." असं म्हणून ते जे हसत सुटले, त्यांच्यामागे अध्यक्ष, अध्यक्षांमागे आख्खी सोसायटी. हसून हसून एक जण जाळ्यात पाय अडकून पडला. साहेबही हसले, पण जरा उशिरा.

शिक्षा ठरली ती अशी. यापुढे धुकं पडेल त्या पहिल्या सकाळी साहेबांनी वंदनाच्या डोंग्यात बसून खिंड पार करायची. साहेबांचं तोंड पांढरंफटक पडलं. "मले पोहता येत नाही," ते म्हणाले. गोमाजीबुवा म्हणाले, "आमाले येते."

धुकं चौथ्याच दिवशी पडलं. साहेबांनी मला ओढून सोबत घेतलं, साक्षीदार लागतो म्हणून. डोंग्यात बसले ते दोन्ही कडा मुठीत आवळून, डोळे घट्ट मिटून. पाण्यावर नुसतं पांढरं. वंदना वल्हं मारत होती आणि मधूनमधून शिट्टी देत होती. साहेब पुटपुटत होते, "याडी ये, याडी ये," म्हणजे त्यांच्या बोलीत आई गं. बाभळीचा एक शेंडा अगदी जवळून गेला तेव्हा मला कळलं की आम्ही खिंडीत शिरलो.

समोरून थाळीचा आवाज आला. गोमाजीबुवा. दिसत काहीच नव्हतं. वंदनाने वल्हं वर धरलं, डोंगा नुसता वाहू दिला आणि म्हणाली, "साहेब, कोणत्या बाजूनं घेऊ? तुमी सांगान तसं."

साहेबांनी डोळे उघडले. थाळी वाजत जवळ येत होती. आख्ख्या जन्माचा कायदा त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसत होता. ते पाण्याकडे वाकले, जणू खालचा गाडीरस्ता त्यांना दिसणार होता.

"डावीकून घे, माय," ते म्हणाले. "डावीकून."

वंदनाने एकच वल्हं मारलं. धुक्यातून गोमाजीबुवांचा डोंगा निघाला आणि आमच्या उजव्या अंगाने, हातभर अंतरावरून, सुळकन निघून गेला. बुवांनी जाता जाता थाळी उंच धरली. साहेबांना इतका आनंद झाला की ते कडा सोडून उभेच राहिले, दोन्ही हात वर करून. डोंगा एकदम कलला, मी किंचाळले, आणि वंदनाने त्यांच्या सदऱ्याला धरून त्यांना खाली बसवलं.

"बसा, साहेब, बसा," ती म्हणाली. "नाही तं पास जाईन माहा."